पाच सेकंद चौऱ्याऐंशी

बोरखडीच्या शंकरपटात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला चंद्रभानदादा गावंड्यांची बैलजोडी शंभर मीटर पाच सेकंद चौऱ्याऐंशीत धावली, आणि बारा वाजायच्या आत त्यांच्या अंगणात पावणेतीनशे रोडग्यांची कणीक मळून झाली. यांतल्या दुसऱ्या वेगाबद्दल कोणालाच शंका नव्हती.

पहिल्याबद्दलही नव्हती. एक शेखर सोडला तर.

दादा निंबाखाली बाजेवर बसले होते. गळ्यातली झेंडूची माळ गुडघ्यांच्या खाली येत होती, म्हणून ती सारखी सावरावी लागत होती. सव्वीस वर्षं ते पटात बैल सोडत होते. त्यात बंदीची वर्षंही धरलेली. त्या काळात बैल धावत नव्हते, पण त्यांचा उडीद आणि अंडी दादांनी थांबवली नव्हती, कारण कोर्टाचं कोर्टापाशी आणि बैलाचं बैलापाशी. इतक्या वर्षांत त्यांचा नंबर पाचाच्या वर कधी गेला नव्हता. आज ते येणाऱ्या प्रत्येकाला जोडी कशी सुटली ते सांगत होते, आणि प्रत्येक सांगण्यात ती थोडी अधिक चांगली सुटत होती.

त्यांचा धाकटा भाऊ शेखर मागच्या खोलीत, कापसाच्या ढिगाला टेकून, फोनवर नऊ सेकंदांचा एक व्हिडिओ पाहत होता. एकेचाळिसाव्यांदा.

शेखर दादांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. बाविसाव्या वर्षापासून पस्तिसाव्यापर्यंत त्यानं कोइमतूर आणि चेन्नईकडे रेसच्या गाड्या चालवल्या, राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा दुसरा आला, एकदा भिंतीवर जाऊन डावा घोटा मोडून घेतला, आणि मग चालवणं सोडून चालवणाऱ्यांबद्दल लिहू लागला. गावानं हे दोन्ही धंदे जमेल तितके समजून घेतले होते. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना "पोरगा डायवर हाय, पन माल नाई नेत" असं सांगण्यात आलं होतं. मुलीच्या मामांनी मग सवाऱ्या नेत असेल अशी समजूत करून घेतली, आणि लग्न झालं. दादा एकदाच कोइमतूरला त्याची रेस पाहायला गेले. परत आल्यावर त्यांनी घरी सांगितलं, की गाड्या चांगल्या होत्या, पण पंचवीस डाव फिरून जथून निघाल्या तथीच आल्या.

आता शेखर एका मासिकासाठी जगभरच्या शर्यतींबद्दल लिहायचा, आणि कोणाची भीड न ठेवता लिहितो म्हणून त्याचं नाव होतं. जगभरच्या लोकांबद्दल खरं लिहिणं त्याला कधी जड गेलं नव्हतं. त्यांच्या घरी जेवायला बसायचं नसतं. यंदा पहिल्यांदाच तो पटाच्या वेळी गावात होता, आणि हे कळल्यावर अमरावतीच्या एका दैनिकानं त्याला तिन्ही दिवसांच्या बातम्या मागितल्या होत्या. बातमी संध्याकाळी सहाच्या आत पोचायला हवी होती.

"काका, फोन कावून लपवता?" दारातून रागिणीनं विचारलं.

ही दादांची मुलगी. अकोल्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. पटासाठी तिनं तीन दिवसांची रजा काढली होती आणि कारण 'कौटुंबिक' असं लिहिलं होतं. शेखरनं फोन तिच्या हातात दिला. कुणाला तरी दाखवायचाच होता, आणि घरात वेग हा विषय घेऊन पास झालेली ती एकटीच होती.

व्हिडिओ त्यानं शेवटच्या रेषेपाशी उभं राहून काढला होता. त्यात समोरून येणारी जोडी दिसत होती, वेळेचा बोर्ड दिसत होता आणि मशीनचा खांब दिसत होता. मशीन अकोल्याहून भाड्यानं आणलेली. दोन्ही टोकांना दोन-दोन खांब, त्यांच्या मधून डोळ्याला न दिसणारा किरण. बैलांनी सुरुवातीचा किरण तोडला की घड्याळ सुरू, शेवटचा तोडला की बंद. यात चुकण्यासारखं काही नव्हतं, आणि कमिटीनं स्वतःहून काही केलं नसतं तर चुकलंही नसतं.

पण आज आमदार येणार होते. कमिटीचे अध्यक्ष पंजाबराव यांनी त्यांच्यासाठी अकरा हात लांब माळ सांगून ठेवली होती. आमदार आले नाहीत. माळ वाया जाऊ नये म्हणून ती सकाळच्या पूजेत मशीनला घालण्यात आली. हळद, कुंकू, नारळ आणि अकरा हात झेंडू. दादांची जोडी सुटली तेव्हा वारा उठला होता.

रागिणीनं व्हिडिओ एकेक चित्र करत पुढे सरकवला. माळ हलली, खांबाच्या डोळ्यासमोर आली, बोर्ड थांबला. पाच चौऱ्याऐंशी. बैल अजून वीस-एकवीस मीटर लांब होते.

"कोनी पाह्यलं कसं नाई?"

"बोर्डाकडं कोन पाह्यते? सारे बैलाकडं पाहून राह्यले होते," शेखर म्हणाला. "नंतर माईकवर आकडा वाचला, अन् पंजाबरावनं मशीनच्या गळ्यातली माळ काढून दादाच्या गळ्यात टाकली. तवापासून मशीन बरोबर चालून राहिली."

म्हणजे पुरावा बाहेर बाजेवर बसून लोकांचे नमस्कार घेत होता.

रागिणीनं बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मागे गेली, पुन्हा मोजलं. बोर्ड थांबल्यावर बैलांचं नाक रेषेवर यायला आणखी एक सेकंद सत्तेचाळीस लागले होते. खरी वेळ सात एकतीस. हिवरखेडच्या नत्थुजींची जोडी सकाळी सात सेकंद अठरात आली होती.

"पयला नंबर नत्थुजीचा," ती म्हणाली. "आपला दुसरा. तुमाले लिहा लागन."

तेवढ्यात गोपाल पत्रावळी न्यायला आत आला. दादांचा मोठा मुलगा, जोडीचा धुरकरी. बैलांमागच्या हलक्या छकडीवर तोच होता. दोघांचे चेहरे पाहून त्यानं फोन मागितला, पाहिला, आणि पत्रावळ्यांच्या गठ्ठ्यावरच बसला. थोड्या वेळानं त्यानं कबूल केलं, की वकीलनं मध्येच एकदा बाजूला पाहिलं होतं. वकील हा डावीकडचा बैल. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय पाऊल टाकत नाही, म्हणून हे नाव. उजवीकडचा पाखऱ्या सरळ स्वभावाचा होता. वकीलनं मान वळवली तेव्हाच गोपालला वाटलं होतं, की गेलं. पण नंतर आकडा ऐकला आणि म्हटलं, मशीन कशाला खोटं बोलेल.

"तरी नोका लिहू, काका," तो म्हणाला. "तुमी तिकडच्या लोकाईचं लिहा ना काय लिहाचं ते. बाबाले आज पह्यल्यांदा कोनी खुर्ची देऊन राह्यलं."

"आन नत्थुजीचं काय?" रागिणीनं विचारलं.

"नत्थुजी तीनदा पयला आला हाय. त्याच्या घरी ढाली ठेवाले जागा नाई."

"म्हणून एक आपन ठेवून घ्याची?"

भावाबहिणीचं हे साध्या आवाजात चाललं होतं, म्हणजे खोलीबाहेर सहज ऐकू जात होतं. दादांच्या पत्नी मनकर्णाबाई तूप न्यायला आल्या आणि दारातच थांबल्या.

त्यांना सगळं सांगावं लागलं. किरण, खांब, वारा. मनकर्णाबाईंनी ते शांतपणे ऐकलं आणि त्यांना एकच गोष्ट खरी लागली.

"माह्या माळीनं?"

माळ त्यांची होती. फुलं त्यांच्या अर्ध्या एकरातली, आणि ओवणारे हातही त्यांचेच, पहाटे पाचपासून. क्षणभर त्यांना वाईट वाटलं. मग दुसराच विचार आला, की म्हणजे साऱ्या जिल्ह्यात आज सर्वांत आधी रेषेवर पोचलं ते आपलं फूल. हा विचार बरा नव्हता, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला.

गोपालला खात्री होती, की आई आपल्या बाजूची. बापाच्या आनंदाच्या आड येणाऱ्याला ती उभं करणार नाही. पण मनकर्णाबाईंनी पंचेचाळीस वर्षं संसार केला होता, आणि नवऱ्यापासून काय लपवता येतं आणि किती दिवस, हे त्यांना मुलांपेक्षा बरं माहीत होतं.

"सांगा लागन," त्या म्हणाल्या. "उद्या दुसऱ्याच्या तोंडून ऐकतीन तं घरात कोनाशी बोलनार नाईत. पन आत्ता नाई. भरल्या पत्रावळीवर मान्साले असं सांगत नाईत. जेवू द्या. मंग शेखरभाऊ सांगतीन."

"मी काहून, वयनी?"

"तुमी पेपरवाले ना."

यावर गोपाल आणि रागिणी यांचं लगेच एकमत झालं. सकाळपासून त्यांचं ते पहिलंच.

पंगत दीड वाजता बसली. शेखरला पंजाबराव आणि नत्थुजी यांच्या मध्ये बसवलं गेलं. पंजाबरावांनी रोडगा कुस्करून त्यात वरण ओतेपर्यंत हेडिंगचे तीन पर्याय सुचवले होते, आणि तिन्हींत पहिला शब्द 'बोरखडी' आणि दुसरा 'अध्यक्ष' होता. शेखरनं हळूच विचारलं, की इतकी कमी वेळ आली, तर मशीन एकदा तपासून पाहिली का. पाच चौऱ्याऐंशी म्हणजे तासाला साडेएकसष्ट किलोमीटर होतात, आपली बससुद्धा इतकी जात नाही.

"पूजेत काई कमी नाई राह्यली, शेखरभाऊ," पंजाबराव म्हणाले. "मी सोता उभा होतो."

ते खरंच होतं.

डाव्या बाजूला नत्थुजी. सत्तरीचा, वाळलेल्या अंगाचा माणूस. बैल टेम्पोत घालून हिवरखेडहून आला होता आणि पहिला नंबर हातचा गेल्यावरही अभिनंदन करायला थांबला होता. वांग्याच्या भाजीबद्दल ते दोन शब्द चांगले बोलले आणि मग समोर वाढत असलेल्या दादांना त्यांनी बैलांचा खुराक विचारला. उडीद किती, अंडी किती, थंडीत तीळ देता का, पळवण्याआधी किती दिवस आराम.

दादांनी वाढायचं थांबवलं. हातातलं वरणाचं भांडं तसंच धरून ते नत्थुजींसमोर उकिडवे बसले आणि सव्वीस वर्षांचं सगळं सांगून टाकलं. नत्थुजी मान हलवत ऐकत होते. बाकीची पंगत वरणासाठी थांबली. शेखरनं खाली मान घालून रोडगा खाल्ला. तो अतिशय चांगला झाला होता, आणि याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

जेवणानंतर दादा बैलांना पाणी दाखवायला गोठ्यात गेले. मनकर्णाबाईंनी चुलीपासूनच शेखरकडे पाहिलं. तो उठला.

दादांना वाटलं, बातमी विचारायला आला असेल. त्यांनी विचारायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. शेखरनं फोन पुढे केला. "दादा, हे पाह्य."

दादांनी फोन हातभर लांब धरला. पाहिला. चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच आलं.

"हे तं समोरून हाय," ते म्हणाले.

"हो. मी शेवटाले उभा होतो. तू बोर्डाकडं पाह्य."

"बोर्ड काय पाहाचा, बैल पाह्य ना. पुन्हा लाव."

शेखरनं पुन्हा लावला. मग पुन्हा. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की हा माणूस सव्वीस वर्षं सुरुवातीच्या रेषेवर बैल धरून उभा राहिला आहे. जोडी सुटली की त्याला दिसायचे ते शेपट्या आणि धूळ. आपले बैल आपल्याकडे धावत येताना दादांनी कधी पाहिलेच नव्हते. ते कसे येतात हे ते गोपालला विचारून लोकांना सांगत असत. पाखऱ्याचे पुढचे पाय दोन्ही एकदम उचलले जातात, हे त्यांना आज दिसत होतं, आणि वकीलची मान वळली तेव्हा ते त्याला फोनमध्येच शिवी देत होते.

चौथ्यांदा लावताना शेखरनं बोर्ड थांबला तिथे चित्र थांबवलं आणि सांगून टाकलं. माळ, वारा, एक सेकंद सत्तेचाळीस.

दादांनी फोन शेखरच्या हातात परत दिला.

"तुले काई कामधंदा नाई काय बे?" ते म्हणाले. "यवढ्या गाड्या पळून राह्यल्या जगात, अन् तुले घरचीच जोडी भेटली?"

शेखरनं फोन खिशात घातला.

"नाई लिहिलं तं कोनाले समजन?"

"कोनालेच नाई. मले माहीत हाय, रागिणीले, गोपालले, वयनीले."

"म्हणजे घरात मीच एकटा बह्याड." दादांनी दावणीच्या खुंटावर हात टेकला. वकीलनं मान लांब केली, आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि दादांच्या गळ्यातल्या माळेचं टोक तोंडात घेतलं. दादांनी त्याला अडवलं नाही.

"किती म्हणालास आपले?"

"सात एकतीस."

"नत्थुजीचे?"

"सात अठरा."

वकील चघळत होता. हातभर माळ संपली होती.

"म्हणजे तो मानूस पयला येऊन माह्या अंगनात बसला," दादा सावकाश म्हणाले, "अन् खुराक मले विचारून राह्यला. अन् म्या त्याले शिकवून राह्यलो."

उरलेली माळ त्यांनी काढून गव्हाणीत टाकली, पाखऱ्यालाही मिळावी म्हणून, आणि ते अंगणात गेले.

दादांनी खरा आकडा सगळ्यांसमोर सांगितला, आणि पुढे जे झालं ते पाऊण तास चाललं. पंजाबरावांचं म्हणणं असं, की आकडा माईकवर तीनदा सांगून झाला आहे, अकरा ग्रुपांवर गेला आहे आणि आमदारांचा अभिनंदनाचा फोनही येऊन गेला आहे. आता सत्य बदलायचं म्हणजे कमिटीची सभा बोलवावी लागेल. शिवाय विक्रम एका माणसाचा नसतो, गावाचा असतो, तो परत करायचा अधिकार चंद्रभानला कोणी दिला. काही जण पंजाबरावांच्या बाजूनं बोलले. गोपाल, जो दुपारी सांगू नका म्हणत होता, तो आता त्यांच्याशी भांडायला सर्वांत पुढे होता, कारण घरातलं घरात आणि बाहेरचं बाहेर. रागिणीनं अंगणात काडीनं किरण काढून दाखवला. तो कोणाला समजला नाही, पण ती अकोल्याला शिकवते म्हणून सगळ्यांनी मान्य केला.

"तं मंग असं लिहा, का माह्यी जोडी धावलीच नाई," दादा म्हणाले. "मी बैल घेऊन घरी बसतो."

यावर पंजाबराव अडचणीत आले. विक्रम ठेवायचा तर विक्रमवीर हवा.

नत्थुजी तोवर ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी शेखरकडे फोन मागितला, व्हिडिओ एकदाच पाहिला आणि परत दिला.

"बैल चांगले हाएत," ते म्हणाले. "त्या डाव्याले झापड लावा, इकडंतिकडं नाई पाहनार. पंजाबराव, उद्या याईची जोडी पुन्हा सोडा. मले असं बसल्या जागी पयलं नाई याचं. धावून येऊ द्या त्याईले."

उद्या सकाळी आठला गावंड्यांची जोडी पुन्हा सुटेल, आणि मशीनची पूजा लांबून करायची, असं ठरलं. दुसरा ठराव पंजाबरावांनी स्वतः मांडला.

शेखरनं बातमी पावणेसहाला पाठवली. त्याआधी ती दादांना वाचून दाखवली. त्यात माळ होती, वारा होता, सात एकतीस होतं, आणि चूक जोडीच्या मालकानं स्वतः जाहीर केली हेही होतं. दादांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, की बैलांची नावं कुठे आहेत. ती घालण्यात आली.

"आन उद्या बैल तू सोडजो," ते म्हणाले.

"मी?"

"मी तिकडं उभा राह्यतो. शेवटाले."

सकाळी आठला थंडी होती आणि वारा नव्हता. शेखरनं आयुष्यात शंभराच्या वर शर्यती सुरू केल्या होत्या, पण त्या बसून, आणि समोर दिवे असायचे. इथे त्याच्या एका हातात वकीलची वेसण होती, दुसऱ्या हातात पाखऱ्याची, आणि छकडीवरून गोपाल सांगत होता, की काका, झेंडा खाली आला की सोडा अन् बाजूले व्हा, आधी बाजूले नोका होऊ. वकीलला काल संध्याकाळीच मनकर्णाबाईंनी जुन्या पोत्याची झापड शिवली होती. ती त्याला पसंत नव्हती.

झेंडा खाली आला. शेखरनं सोडलं, आणि बाजूला व्हायला त्याला अर्धा क्षण उशीर झाला. मोडलेला घोटा काळ्या मातीत मुडपला, तो आडवा झाला आणि छकडीचं चाक त्याच्या कानापासून वीतभर अंतरावरून गेलं. उठून त्यानं डोळे पुसले तेव्हा समोर धूळ होती, आणि धुळीत दोन शेपट्या. दादांना इतकी वर्षं एवढंच दिसत आलं होतं. लांबून माईकवर कोणीतरी काहीतरी बोललं. लोकांच्या आवाजात आकडा बुडून गेला.

तो लंगडत शंभर मीटर चालत गेला. रेषेपाशी गर्दी होती. रागिणी एका बाजूला उभी राहून हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. दादा गर्दीच्या मधोमध, नत्थुजींच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. त्यांच्या मिशांवर, भुवयांवर धूळ बसली होती. बैल अंगावर येताना सगळे बाजूला झाले तरी दादा हलले नव्हते, शेवटी नत्थुजींनी ओढलं, असं रागिणीनं नंतर सांगितलं.

"दादा," शेखरनं खिशातून वही काढली. "मले काईच नाई दिसलं. बातमी देणं हाय. सांग."

दादांनी सांगितलं. पाखऱ्या निम्म्यात पुढे झाला. वकीलनं या डाव मान वळवली नाही, पण कान वळवले. शेवटच्या वीस मीटरमध्ये दोघांचे पाय एकदम पडत होते, आवाज एकच येत होता, दोन बैलांचा एकच. पाखऱ्याच्या तोंडाला फेस नव्हता. त्यानं आपल्याला ओळखलं, असं दादांना वाटलं, आणि रेषेच्या पुढे तो स्वतःच हळू झाला. शेखर लिहीत होता. दीड पान झालं.

"अन् टाइम?" त्यानं विचारलं.

"कोनता टाइम?"

"किती सेकंदात आले?"

दादांनी नत्थुजींकडे पाहिलं. नत्थुजींनी बोर्डाकडे मान वळवली. शेखर बोर्ड पाहायला गेला.

सात सव्वीस. दुसरा नंबर.

तो परत येऊन सांगणार होता, पण दादा तोवर बैलांमागे निघून गेले होते.